राहणाऱ्याचे हात

ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतायचे दिवस आले की भुरीबाई सकाळचा स्वयंपाक लवकर उरकायची, पितळेचा तांब्या चिंचेने घासून लखलखीत करायची, पाण्याने भरायची आणि तांड्याच्या खाली, नाल्यावरच्या पुलापाशी जाऊन बसायची. आसेगावकडून येणारा रस्ता तिथून लांबवर दिसतो. दोन्ही बाजूंना उघडी पडलेली रानं, मधे एखादं पळसाचं झाड आणि उन्हात थरथरणारं डांबर.

मुकादमाचा ट्रक दिसायच्या आधी ऐकू यायचा. मग भांड्यांचा खडखडाट, मग पोरांचा गलका. तांड्यापर्यंतची वाट ट्रकच्या कामाची नव्हती, म्हणून तो पुलापाशीच थांबायचा आणि माणसं उतरायची. काळवंडलेली, वाळलेली, पण घर दिसल्यामुळे हसरी. कोणाच्या डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं, कोणाच्या काखेत कोंबडी, कोणाच्या कडेवर तिकडेच जन्मलेलं लेकरू. भुरीबाई प्रत्येकाला पाणी द्यायची. "आली का व माय? बरं झालं," म्हणायची. लोक पाणी प्यायचे, तिच्या पाया पडायचे आणि तिच्या डोळ्यांत न बघता वर चालू लागायचे.

कारण ट्रक रिकामा झाल्यावरही भुरीबाई उठायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदाही ती उठली नाही. ऊन उतरलं, गुरं परतली, तांड्यातून चुलींचा धूर वर चढला. तेव्हा मंजू तिला न्यायला आली. मंजू म्हणजे शेजारच्या अमरदीपची मुलगी. आई लहानपणीच गेलेली. बाप टोळीबरोबर गेला की ही पोर भुरीबाईकडेच जेवायची आणि तिच्याच अंथरुणात झोपायची. आता ती लग्नाची झाली होती. याच वैशाखात तिचं लग्न होतं, दिग्रसकडच्या तांड्यात.

"दादी, चाल घरी."

"थांब व पोट्टे. मागून अजून एक गाडी येऊन राह्यली."

"कोनं सांगतलं?"

"डायवरनं."

"कोन्या डायवरनं? आजच्या?"

भुरीबाईने तांब्या जवळ ओढला. मंजू तिच्या शेजारी कठड्यावर बसली आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली.

तो ड्रायव्हर आजचा नव्हता. साथीमुळे गावोगावचे रस्ते बंद झाले, माणसं जिथल्या तिथं अडकली, त्या सालचा होता. भुरीबाईचा नवरा मोहनसिंग तेव्हा टोळीबरोबर तिकडे, सांगलीच्या बाजूला होता. टोळीला एका शाळेत ठेवलं होतं. तिथेच एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इकडून कोणी जाऊ शकत नव्हतं, तिकडून कोणी येऊ शकत नव्हतं. टोळीतल्या लोकांनी नदीकाठी त्याला अग्नी दिला. फोनवर कळलं तेव्हा भुरीबाईने केसांतल्या सौभाग्याच्या चांदीच्या घुगऱ्या काढल्या, दंडावरचा चुडा उतरवला. दिवस केले. भाऊबंदांना जेवू घातलं. सगळं रीतीप्रमाणे झालं, फक्त ज्याच्यासाठी करायचं तो समोर नव्हता.

रस्ते उघडल्यावर टोळी परतली. बादल नावाच्या जोडीदाराने मोहनसिंगचं लाल पागोटं तिच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून निघून गेला. भुरीबाई ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत उभी राहिली. ड्रायव्हर परका होता, त्याला काही माहीत नव्हतं. म्हातारी कोणाला तरी शोधते आहे एवढंच त्याला दिसलं.

"मागून अजून एक गाडी हाय, माय," तो म्हणाला. "येतीन त्याच्यात."

ती गाडी पुढच्या तांड्याची होती. भुरीबाईला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिला कळत नव्हतं असं कधीच नव्हतं. पण दर साली ट्रक आले की तिचे पाय तिला न विचारता पुलावर यायचे, आणि एकदा बसली की उठायचं कसं ते तिला उमगायचं नाही.

"दादी," मंजू म्हणाली, "पुढच्या साली मी दिग्रसले असीन. तुले इथून कोन उठवीन?"

"मी का लहान हाव? माह्यी मी उठीन."

"आज उठली?"

"तू आली म्हून बसली. नाई तर उठलीच होती."

"हो, दिसून राह्यलं." मंजूने तांब्या उचलला. पाणी तळाशी उरलं होतं, ते तिने पळसाच्या बुंध्याशी ओतलं. मग दुसरा हात पुढे केला. भुरीबाईने तो धरला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. वाटेत मंजू म्हणाली, "मले ढावलो शिकव."

भुरीबाई थबकली. "आता कोन म्हनते ढावलो? नवऱ्या तर हसत हसत गाडीत बसून राह्यल्या. डीजेच्या मोठ्या डब्ब्यांचे गाने लावतात. बाबूसिंगच्या पोरीच्या लग्नात माह्याच आवाज मले आयकू आला नाई."

"मले म्हनायचा हाय."

"माह्या गळा गेला, बाई."

"तुह्या गळा कुठी पाह्यजे? माह्या हाय ना. तू फक्त सांग."

बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघाली की एकेका माणसाच्या गळ्यात पडून गाते, तो ढावलो. रडत गायचं असतं, पण ते नुसतं रडणं नसतं. एक काळ असा होता की आसपासच्या तांड्यांतल्या पोरी लग्नाआधी भुरीबाईच्या ओट्यावर यायच्या. ती त्यांना शिकवायची, तिच्या याडीने, म्हणजे आईने, तिला शिकवलं होतं तसं. गळ्यात कसं पडायचं, हनुवटी कुठल्या खांद्यावर टेकवायची, दम कुठे घ्यायचा, ओळीचं शेपूट किती लांबवायचं. पोरी आधी खिदळायच्या, मग शिकायच्या, आणि निरोपाच्या दिवशी सगळा तांडा डोळे पुसायचा. मोहनसिंग गेल्यापासून तो ओटा मुका होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजू येऊन बसली. भुरीबाई बराच वेळ तूर निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "उभी राह्य. मी तुह्या बापू. पड गळ्यात."

मंजू गळ्यात पडली आणि मोठ्याने हुंदका काढला.

"अवं, बकरी ओरडून राह्यली का तू? आधी दम घे. रडनं येते सगळ्याइले, ते कोनी शिकवा लागत नाई. शब्द समजले पाह्यजेत. ज्याच्या गळ्यात पडली त्याले वाटलं पाह्यजे का हे माह्यासंगच बोलून राह्यली."

"पन म्हनू काय?"

"दोन गोष्टी. त्याच्यापासून काय नेतं ते सांग. अन् त्याच्यापाशी काय ठेवतं ते सांग. खरं सांग. सगळ्याइले एकच गोष्ट सांगशीन तर कोनालेच काई भेटनार नाई."

मंजू विचारात पडली. चांगला गुरू अशा वेळी घाई करत नाही. भुरीबाईनेही केली नाही. ती बापाच्या जागी तशीच उभी राहिली. शेवटी मंजूने हळूच सूर धरला. बापू, तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून मंगरूळपीरच्या उरुसाला नेलं, नळी रुतू नये म्हणून अंगावरचा दुपट्टा काढून गुंडाळला, उन्हात उघड्या पाठीने सायकल हाणली. ते ऊन मी नेते, बापू. आणि तुमची सायकल पुसायचं फडकं खिडकीत ठेवून जाते.

भुरीबाईने डोळे मिटून ऐकलं. "शेपूट आखूड झालं," ती म्हणाली. पण आवाज वेगळाच लागला.

"अन् दादी, सोडायचं कधी?"

"तू नाई सोडायचं. जानारीनं कधीच मिठी सोडायची नाई. राह्यनारा सोडते. तो हात ढिले करीन तेव्हाच तू पुढच्याच्या गळ्यात जायचं."

"अन् त्यानं नाई सोडली तर?"

"सोडा लागते. माह्यी याडी म्हने, का धरून ठेवलेली पोट्टी सासरी पोचतच नाई. अंगानं जाते, पन अर्धी वाटेतच राह्यते."

असे दिवस गेले. भुरीबाई कधी काका झाली, कधी मामी, कधी पलीकडच्या घरची बहिरी फुई, म्हणजे आत्या. "फुईले जोरात म्हनशीन बरं, नाई तर म्हनीन का पोट्टी न भेटताच गेली." दोघी हसायच्या. मग एके दिवशी मंजूने विचारलं, "याडीचं कसं करू?"

भुरीबाईच्या हातातलं काम थांबलं. "नसलेल्याले ढावलो नाई म्हनत. गळा लागते."

"तुह्या हाय ना."

भुरीबाईला नाही म्हणता आलं नाही. ती उभी राहिली. मंजूने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि गायली. याडी, तुझा चेहरा मला नीट आठवत नाही. वेणी घालताना तू केस इतके घट्ट ओढायचीस की माझे डोळे तिरपे व्हायचे, तेवढं आठवतं. तो ताण मी नेते. तुझ्यापाशी काय ठेवू, याडी? माझ्यापाशी तुझं काही नव्हतंच. एवढं गाऊन ती खरंच रडली. भुरीबाईने तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि वेळ झाली तेव्हा हात ढिले केले. आजवर कितीतरी पोरींना तिने असं सोडलं होतं. तिला ते सहज आलं.

मंजूने तोंड धुतलं, ती पाणी प्यायली आणि सरळ आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर मोहनसिंगचं लाल पागोटं होतं. खुंटीवरून काढलेलं, एका कानावर कलंडलेलं.

"ठेव ते!" भुरीबाई ओरडली. "ठेव म्हनतो ना! कायले हात लावला?"

मंजूने ठेवलं नाही. तिने पोट पुढे काढलं, हात मागे बांधले आणि अंगणात शिरायच्या आधी मोहनसिंग खाकरायचा तशी खाकरली. आधी एक बारीक, मग एक मोठं. हुबेहूब.

भुरीबाईच्या तोंडून हसू निसटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. "मेल्यावानी खाकरू नोको व," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने पदर खाली सोडला.

"आता तू म्हन," मंजू म्हणाली. "मी दादा हाव. पड गळ्यात."

भुरीबाई पुढे आली. इतक्या पोरींना शिकवलेले सूर तिच्या गळ्यात होते. ती लहान मुलीसारखी मंजूच्या खांद्याला टेकली, दम घेतला, पहिली ओळ उचलली आणि मधेच थांबली.

"काय झालं?"

"हे चुकलं," ती म्हणाली. "हे जानारीचं हाय. मी कुठी चाल्ली? गेला तर तो."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. जन्मभर तिने जाणाऱ्याचे शब्द शिकवले होते. राहणाऱ्याला शब्द नसतातच, त्याला फक्त हात असतात. ते कोणी शिकवत नाही, कारण कोणाला वाटतच नाही की ते शिकावं लागेल.

"मंग दादाच म्हनीन," मंजू हळू आवाजात म्हणाली. "तू आयक."

आणि ती गायली. गळा कोवळा होता आणि पागोटं डोळ्यांवर येत होतं. भुरे, मी चाललो. त्या दिवशी तू अंगण सारवत होतीस, मी म्हटलं चाललो, तू मान न वळवता म्हणालीस, हो, जा. शेण वाळलं असतं म्हणून वळली नाहीस, मला ठाऊक आहे. तुझी ती पाठ मी नेतो, भुरे, तुझे शेणाने भरलेले हात नेतो, तुझ्या शिव्या नेतो. आणि तुझ्यापाशी दारातली बकरी ठेवतो. ती तुझ्यासारखीच आहे, कोणाचं ऐकत नाही.

भुरीबाईने हे सारवणाचं कधीतरी अंधारात पोरीला सांगितलं होतं. पोर झोपली असं तिला वाटलं होतं.

गाणं संपलं. रीतीप्रमाणे मंजूला मिठी सोडता येत नव्हती. भुरीबाईने सोडली नाही. तिची बोटं पागोट्याच्या शेवात गुंतली होती. घाम, तंबाखू आणि उसाच्या पाचटाचा वास त्याला अजून होता, की तिला तसं वाटत होतं, कोण जाणे. अंगणात बकरीने परातीत तोंड घातलं आणि भिजवलेलं पीठ खाऊ लागली. दोघींना दिसलं. कोणी हललं नाही. बकरीचं खाऊन झालं, ती तोंड चाटत दूर गेली, भिंतीची सावली सरकून ओट्यावर चढली, आणि मंजूचे पाय भरून आले. तरी ती उभी राहिली.

मग भुरीबाईने मान वर केली. पागोट्याकडे नीट समोरून पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "जा."

आणि हात ढिले केले.

त्यानंतर ती ओट्यावर बसून खूप रडली. तो ढावलो नव्हता, साधं रडणं होतं, आणि मंजूने तिला रडू दिलं. संध्याकाळी पीठ पुन्हा भिजवावं लागलं.

लग्न झालं. मोठ्या डब्यांची गाणी होती, मांडव होता, मंगरूळपीरहून आलेला फोटोवाला होता. निरोपाच्या वेळी मंजूने गाणी बंद करायला लावली तेव्हा पोरांनी कुरकुर केली. पूर्वी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून तांड्याचा निरोप घ्यायची. आता बैल कुठला, ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी राहिली. पण तिने पहिला सूर लावला आणि कुरकुर थांबली. बहिऱ्या फुईसाठी ती जोरात गायली. सायकलच्या नळीचं गाणं ऐकून अमरदीप असा कोसळला की त्याला पोरीला सोडवेना. नवऱ्याकडचे घड्याळ बघू लागले. तेव्हा मागून भुरीबाई म्हणाली, "अमरदीप, सोड गा. पोरीले पोचू दे." त्याने सोडली.

फोटोवाला पुढे सरसावला. "दादी, जरा इकडं पाहून रडा ना."

"तू तुह्या याडीले सांग इकडं पाहून रडाले," भुरीबाई म्हणाली. रडता रडता बायका हसल्या.

शेवटी मंजू तिच्या गळ्यात पडली. इतकं शिकवलेलं, पण तिच्या तोंडून फार निघालं नाही. दादी, पुलावरून घरी यायची वाट मी नेते. माझी झोपायची जागा ठेवून जाते, तिथं बकरीला झोपू देऊ नको. भुरीबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ आता भरली होती, लहानपणची हाडं हाताला लागत नव्हती. तिला अजून धरावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. तिने हात ढिले केले.

गाडी नाला ओलांडून गेली. धूळ खाली बसली.

त्यानंतरचं वरीस लांब होतं. भुरीबाई सवयीने जास्तीची भाकरी करायची आणि दुसऱ्या दिवशी कुस्करून ताकाबरोबर खायची. पावसाळ्यात ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची, आणि बोलायला कोणी नसल्यामुळे बकरीशी भांडायची. पुण्याच्या बाजूला कामाला असलेला मुलगा, मदनसिंग, फोनवर विचारायचा, "याडी, इकडं येते का?" ती म्हणायची, "बकरी कोन पाहीन?" मंजूचा फोन आला की ती सगळं बरं सांगायची. फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त शांत वाटायचं. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा ती पुलावर गेली. आजवर ती फक्त येणाऱ्यांसाठी गेली होती. या वेळी जाणाऱ्यांसाठी गेली, आणि पाया पडणाऱ्या प्रत्येकाकडे समोरून बघून म्हणाली, "जा बाप्पा. नीट जा."

फाल्गुन सरला, पळस फुलून झडला, आणि टोळ्या परतायचे दिवस आले. भुरीबाईने तांब्या चिंचेने घासला.

ट्रक आला. माणसं उतरली. तिने सगळ्यांना पाणी दिलं, अमरदीपलाही दिलं. तो तिच्याजवळ थोडा घुटमळला. मंजूने त्याला बजावलं असावं. "चालता का, काकी?" त्याने विचारलं.

"तू हो पुढे. आलीच मी."

ट्रक रिकामा झाला. ड्रायव्हर नवीन होता, कोवळाच होता. त्याने ओंजळीने पाणी पिऊन तोंड पुसलं आणि मागची फळी लावता लावता विचारलं, "अजून कोनी यायचं हाय का, आजी? मागून एक गाडी हाय आमची."

भुरीबाईने रस्त्याकडे पाहिलं. दूर, उन्हात थरथरणाऱ्या डांबरावर खरंच एक ठिपका हलत होता.

"नाई," ती म्हणाली. "झाले माह्ये सगळे."

तळाशी उरलेलं पाणी तिने पळसाच्या बुंध्याशी ओतलं. कठड्याला हात टेकून उभी राहिली. गुडघ्यात कळ आली, ती ओसरेपर्यंत थांबली. मग तांब्या काखेत धरून तांड्याच्या वाटेला लागली. मागे गाडीचा आवाज जवळ आला आणि पुलावरून पुढे, दुसऱ्या तांड्याकडे निघून गेला. तिने वळून पाहिलं नाही असं नाही. एकदा पाहिलं.

घरी कोणी नव्हतं. अजून उजेड होता. तिने चूल पेटवली आणि एकटीपुरतं पीठ काढलं. परात बकरीपासून दूर ठेवली आणि भाकरी थापायला बसली.